माँ ब्लाँची प्रदक्षिणा : हृदय, गुडघे आणि थंडी

"डॉक्टर, आम्ही युरोपला चाललोय. टूरबरोबर नाही हो, चालत." हल्ली वर्षातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य माझ्या ओपीडीत ऐकू येतं. समोर बसलेली मंडळी बहुतेक पन्नाशी-साठीची असतात. नोकरीतून मोकळी झालेली, मुलं मार्गी लागलेली, तरुणपणी सह्याद्रीत भरपूर भटकलेली. एका हातात ब्लड प्रेशरची फाइल आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर आल्प्सचे फोटो. प्रश्न एकच : "जाऊ का?"

ही वाट मी स्वतः चालून आले आहे. मी, नवरा, माझा मोठा भाऊ आणि वहिनी असे चौघं होतो. दादा तेव्हा ६२ वर्षांचा होता आणि चार वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला होता. त्यामुळे "जाऊ का?" हा प्रश्न मला घरातच, जेवताना विचारला गेला. त्याचं उत्तर देण्याआधी काय काय पाहिलं आणि वाटेवर प्रत्यक्षात काय झालं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी वाटेविषयी थोडं. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांत पसरलेल्या डोंगररांगेत माँ ब्लाँ हा सुमारे ४,८०० मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर न जाता त्याच्याभोवती गोल फिरून यायचं, म्हणजे चक्क प्रदक्षिणाच. अंतर साधारण १७० किलोमीटर, दिवस १० ते ११. पण अंतरावर जाऊ नका. खरी गोष्ट चढ-उताराची आहे. सगळे चढ एकत्र मोजले तर सुमारे १०,००० मीटर होतात आणि तेवढंच उतरावंही लागतं. पुणेकरांसाठी हिशेब सांगते : पायथ्यापासून सिंहगड चढायचा आणि उतरायचा, असं सोळा-सतरा वेळा, दहा दिवसांत, पाठीवर सॅक घेऊन.

या पर्वताचं आम्हा डॉक्टरांशी एक जुनं नातं आहे. ८ ऑगस्ट १७८६ या दिवशी माँ ब्लाँच्या माथ्यावर पहिल्यांदा माणसाचं पाऊल पडलं. ते दोघं होते. जाक बाल्मा हा स्फटिक शोधणारा डोंगरातला माणूस आणि मिशेल-गाब्रिएल पाकार हा शामोनी गावचा डॉक्टर. पुढे कित्येक वर्षं सगळं श्रेय बाल्मालाच मिळत राहिलं, डॉक्टर मागे पडला. शामोनीत आज दोघांचेही पुतळे आहेत. पाकारचा पाहून मला उगीचच बरं वाटलं.

आता दादाच्या स्टेंटकडे वळू. लोकांना वाटतं की डोंगर म्हटला की धोका उंचीचा, म्हणजे विरळ हवेचा. या वाटेवर तो फारसा नाही. मुख्य वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे इटली-स्वित्झर्लंड सीमेवरची ग्राँ कोल फेरे ही खिंड, २,५३७ मीटर. पर्यायी वाटा घेतल्या तर २,६६५ मीटरपर्यंत जाता येतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे त्याहून हे नक्कीच उंच. पण विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर झोपायला लागल्यावर सुरू होतो, आणि इथे मुक्काम बहुतेक १,००० ते २,४०० मीटरच्या दरम्यान असतात. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर जाणाऱ्यांना मी उंचीच्या आजारावर जे लांबलचक भाषण देते, ते इथे जाणाऱ्यांना देत नाही. डायमॉक्सची गोळीही बहुतेकांना लागत नाही.

मग हृदयाला धोका कशाचा? सवय नसलेल्या सलग श्रमाचा. डोंगरात चालताना अचानक होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास ऑस्ट्रियात बराच झाला आहे. त्यातून जे चित्र दिसतं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. बहुतेक मध्यमवयीन आणि वयस्क पुरुष, अनेकांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला किंवा हृदयविकार माहीत असलेला, नियमित व्यायाम नाही, आणि त्यातही पहिला दिवस जास्त धोक्याचा. पोटात काही नसताना आणि पाणी न पिता बराच वेळ चालत राहणं हेही त्यात दिसतं. म्हणजे वर्षभर खुर्चीत बसून एकदम सुट्टीच्या पहिल्या सकाळी उत्साहात चढ मारणारा माणूस डोळ्यांसमोर आणा.

दादा तसा नव्हता, हे महत्त्वाचं. निघायच्या आठ महिने आधी तो त्याच्या कार्डिऑलॉजिस्टकडे गेला, स्ट्रेस टेस्ट झाली, इको झाला. हृदयाची पंप करण्याची ताकद चांगली होती, पट्ट्यावर पळताना ईसीजीत काही बदल नव्हते. मग सिंहगड. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, शेवटच्या दोन महिन्यांत पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन आणि एका सकाळी दोन फेऱ्या. हे सगळं पाहून मी हो म्हटलं. कार्डिऑलॉजिस्टने आधीच म्हटलं होतं. अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम काही महिने झाले असते, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकदम चालू असत्या, तर मी त्याला थांबवलं असतं. दोन गोळ्यांवर असताना खडकावर आपटलं तर रक्त लवकर थांबत नाही, आणि त्या गोळ्या मधेच बंद केल्या तर स्टेंट बंद पडायची भीती. अशा वेळी सहल पुढे ढकलावी. डोंगर कुठे जात नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून काढून घेतली : मनगटावरचं घड्याळ. त्याच्यावर नाडीचे ठोके दिसतात आणि तो सारखा बघत बसायचा. दादा मेटोप्रोलॉल घेतो. हा बीटा ब्लॉकर गटातला आहे आणि त्याचं कामच मुळी ठोके वाढू न देणं. त्यामुळे कितीही दमलात तरी आकडा साधा दिसतो आणि माणूस जोर करत राहतो. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर सोपी परीक्षा वापरा : चढताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का? येत असेल तर वेग बरोबर. दोन शब्दांत श्वास घ्यावा लागत असेल तर हळू व्हा. दादाला मी रोज चढावर त्याच्या बँकेतल्या गोष्टी सांगायला लावायचे. नवरा म्हणाला, ही परीक्षा त्याची आहे की आपली?

पहिला दिवस आम्ही मुद्दाम हलका ठेवला. ले झूश गावापासून कोल द व्होझाच्या १,६५३ मीटरच्या खिंडीतून ले कोंतामीनला. सामान पुढच्या मुक्कामी गाडीने पोचवायची सोय तिथे मिळते, आम्ही ती घेतली होती. पण औषधं गाडीतल्या बॅगेत टाकू नका. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दादाच्या शर्टाच्या खिशात असे, आणि ती कशी घ्यायची हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आधी खाली बसायचं, मग गोळी; कारण तिने ब्लड प्रेशर उतरतं आणि उभ्याने घेतली तर माणूस कोसळू शकतो, डोंगरात तर कुठेही. व्हायाग्राच्या जातीची गोळी घेतलेली असेल तर ती अजिबात घ्यायची नाही. हे विचारायला लोक लाजतात, म्हणून मीच सांगते.

सगळ्यांचं लक्ष असं दादाकडे लागलेलं होतं. आणि संकट आलं वहिनीवर.

दुसऱ्या दिवशी ले कोंतामीनहून ११६४ मीटरवरून निघून क्र्वा द्यु बोनॉमच्या २,४७९ मीटरच्या खिंडीपर्यंत चढायचं होतं. तेरा-चौदाशे मीटर, वाटेतला सगळ्यात लांब चढ. जुलैचा पहिला आठवडा. गावात सकाळी छान ऊन होतं. मुक्कामाच्या ठिकाणी हवामानाचा अंदाज लावलेला असतो, त्यात दुपारनंतर वादळी पाऊस होता, म्हणून साडेसहालाच निघालो. आल्प्समध्ये उन्हाळ्यात वीज आणि गडगडाट बहुतेक दुपारी येतो, तेव्हा खिंड दुपारच्या आत ओलांडायची असा तिथला शहाणपणा आहे. पण पावसाला अंदाज कुठे वाचता येतो? अकराच्या सुमारास ढग खाली आले. आधी बारीक पाऊस, मग वारा, आणि पहिल्या खिंडीच्या, म्हणजे कोल द्यु बोनॉमच्या जवळ पावसात बर्फाचे कण येऊ लागले.

आपल्याला सह्याद्रीत भिजायची सवय आहे. किंबहुना भिजायलाच आपण जातो. आषाढात राजमाचीला जाऊन आलेला माणूस पावसाला घाबरत नाही, आणि नेमकी तीच सवय इथे घात करते. राजमाचीला पाऊस पडताना हवा वीस-बावीस अंशांची असते. आल्प्समध्ये दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली गावात वीस असेल तर खिंडीत बारा. ढग आणि पाऊस आला की चार-पाच. त्यावर वारा. आणि पाणी शरीराची उष्णता कोरड्या हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं, म्हणून ओला माणूस शून्याच्या वरच्या तापमानातही धोकादायकरीत्या गार पडू शकतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो.

वहिनी अंगाने बारीक. थायरॉइडची गोळी घेतात. थायरॉइड कमी असेल तर थंडी जास्त वाजते, त्यांचा आकडा गोळीने ताब्यात होता, तरी मी ते मनात ठेवलं होतं. वरून चांगलं रेनकोटचं जॅकेट होतं; आत मात्र नेहमीचा सुती टी-शर्ट, कारण घामाला बरा वाटतो म्हणून. चढताना तो घामाने ओला झाला, मग मानेतून पाणी गेलं. सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं.

आधी माझ्या लक्षात आलं ते त्यांचं गप्प होणं. वहिनी एरवी चालताना फुलांची नावं विचारत असतात. मग त्या सपाट जागीही अडखळल्या. मग जॅकेटची चेन ओढायला गेल्या आणि बोटांनी जमेना. दादाने मदत करायला हात पुढे केला तर त्याच्यावर खेकसल्या. चाळीस वर्षांत मी त्यांना दादावर असं ओरडताना ऐकलं नव्हतं. आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "मी इथंच बसते. तुम्ही व्हा पुढे."

हे वाक्य नीट ऐका. अडखळणं, बोटांनी बारीक काम न होणं, अडखळत किंवा तुटक बोलणं, विनाकारण चिडणं आणि मग "मला काही नको, मी बसते" : मेंदू गार पडायला लागल्याची ही खूण आहे. गंमत अशी की त्या माणसाला स्वतःला काहीच झालेलं वाटत नाही. ते ओळखायचं काम सोबतच्यांचं. तेव्हा थंडीत बरोबरचा माणूस गप्प झाला तर त्याला "दमलास का?" असं विचारून समाधान मानू नका. चेन लावायला सांगा, घरचा पत्ता विचारा.

कोल द्यु बोनॉमवर लाकडाचा एक छोटासा आडोसा आहे, दार नाही की शेगडी नाही, पण वारा अडतो. तिथे वहिनींना नेलं. ओले कपडे सगळे काढले, अगदी आतले सुद्धा; त्या वेळी लाजायचं नसतं. माझा कोरडा लोकरी बनियन, दादाचा स्वेटर, नवऱ्याचं पिसांचं जॅकेट, टोपी, आणि त्यावर आपत्तीसाठी ठेवलेला चंदेरी पत्र्यासारखा कागद. खाली बसायला सॅक घातली, कारण गार दगडही उष्णता ओढतो. थर्मासमधला गोड चहा आणि गुळाची चिक्की. थडथड कापत होत्या, ते मला हवंच होतं. कापणं म्हणजे शरीर स्वतःची शेगडी पेटवतंय, आणि तिला लाकडं लागतात, म्हणून साखर. कापणं थांबलं, पण माणूस अजून गारच आहे आणि झोपाळू झालाय, तर ती फार वाईट खूण; तिथे चालवायचं नाही, आडवं ठेवून मदत बोलवायची. हातपाय चोळायचे नाहीत. ब्रँडी तर नाहीच. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते.

अर्ध्या तासाने त्या नीट बोलू लागल्या. पहिलं वाक्य होतं, "माझा टी-शर्ट कुठाय?" मी म्हटलं, सॅकच्या तळाशी, आणि तो आता पुण्यालाच बाहेर निघेल.

आता निर्णय. पुढे क्र्वा द्यु बोनॉमचं विश्रामघर तासाभराच्या आत होतं. तिथे आमचं बुकिंग, गरम सूप, कोरड्या खाटा. पण मधली वाट डोंगराच्या अंगावरून आडवी जाते, ओल्या खडकांतून, आणि जुलैच्या सुरुवातीला तिच्यावर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. हे पट्टे फोटोत गोड दिसतात. सकाळी ते काचेसारखे टणक असतात, दुपारी मऊ; कडेला आणि खाली ओढा वाहत असेल तर आतून पोकळ. उतारावरच्या पट्ट्यावर पाय घसरला तर माणूस थेट खालच्या दगडांपर्यंत जातो. ज्याच्या बोटांना अजून चेन लागत नाही त्याला काठी काय धरता येणार? मागे फिरलं तर ला बाल्मचं विश्रामघर १,७०६ मीटरवर, तास-सव्वा तास खाली, ओळखीची वाट, प्रत्येक पावलागणिक हवा उबदार.

नवऱ्याला पुढे जायचं होतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पुढचं घर जवळ होतं, आणि या वाटेवरची बुकिंग महिनोन्‌महिने आधी करावी लागतात. एक मुक्काम चुकला की पुढची सगळी साखळी तुटते. दादा काहीच बोलत नव्हता, तो फक्त वहिनींचा हात धरून बसला होता. मी म्हटलं, खाली. डोंगरात गार पडलेल्या, दमलेल्या किंवा उंचीने आजारी माणसाला खाली नेणं हे औषध आहे, आणि त्याचा साइड इफेक्ट नाही.

खाली उतरलो. ला बाल्मला पोचेपर्यंत वहिनी पुन्हा फुलांबद्दल विचारू लागल्या होत्या. तिथल्या बाईंनी न विचारता सूपचा टोप आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी ले कोंतामीनला परतलो, तिथून शामोनी, आणि शामोनीहून माँ ब्लाँच्या पोटातून जाणाऱ्या बोगद्यातून बसने इटलीतल्या कूरमायरला. जी वाट चालायला दोन-तीन दिवस लागले असते ती अकरा-साडेअकरा किलोमीटरच्या बोगद्याने मिनिटांत संपली. कोल द ला सेन्यची खिंड, जिथून इटलीत पाऊल टाकताना माँ ब्लाँची मागची बाजू दिसते म्हणतात, ती आमची राहिली. नवरा कूरमायरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. पुढच्या दोन दिवसांत वहिनींनी लोकरीचे दोन बनियन विकत घेतले. युरोमधला भाव ऐकून दादाच्या हृदयाची खरी परीक्षा तिथे झाली.

या वाटेची एक चांगली बाजू यातून कळली. इथे जवळजवळ रोज एखादी वाट, बस किंवा केबल कार तुम्हाला खाली आणू शकते. हिमालयातल्या दहा दिवसांच्या ट्रेकला ही चैन नसते. म्हणून हृदयाचा, मधुमेहाचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाने लांब वाट निवडायचीच असेल तर मी ही सुचवते. नियोजन करताना मुक्कामांच्या यादीशेजारी दुसरी यादी करा : आज इथून सुटायचं असेल तर कुठून?

पुढे हवा उघडली. इटलीच्या बाजूने समोर ग्राँद जोरासची भिंत घेऊन चालणं, मग ग्राँ कोल फेरे, मग स्वित्झर्लंड. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, अमुक गाव २ तास १० मिनिटं असं. ती वेळ स्विस पायांची आहे. आम्ही तिला दीडने गुणायचो.

आणि इथे गुडघे बोलू लागले. ग्राँ कोल फेरेवरून ला फूलीला उतार सुमारे नऊशे मीटर. चढताना हृदय आणि फुफ्फुसं दमतात, पण उतरताना मांडीचे स्नायू फाटतात. शब्दशः, सूक्ष्म प्रमाणात. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच वजन पेलतो, ब्रेकसारखा. या प्रकारच्या कामाने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होतं. शिवाय प्रत्येक पावलाला गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जिममध्ये सायकल मारून आलेले, दम भरपूर असलेले लोक म्हणूनच तिसऱ्या दिवशी जिना आडवे होऊन उतरताना दिसतात. उपाय आधीच करायचा असतो. उतरण्याचा सराव करा. घरची लिफ्ट चढताना वापरली तरी चालेल, उतरताना जिनाच. असा एकदा-दोनदा ताण दिला की स्नायू पुढचे काही आठवडे बरेच सुरक्षित राहतात. वाटेवर दोन काठ्या, आखूड पावलं, गुडघा किंचित वाकलेला.

दादा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेतो, त्यामुळे त्याचं दुखणं मी जरा वेगळ्या नजरेने पाहत होते. स्टॅटिननेही स्नायू दुखतात. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, उतारानंतर वाढतात, दोन-तीन दिवसांत ओसरतात, तर ते उताराचं. दुखणं वाढतच चाललं, पाय उचलवेना, लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, तर चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्यात मूत्रपिंडं जाऊ शकतात. दादाला उताराचंच होतं.

मधुमेह असणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. दिवसभर सहा-सात तास चालल्यावर स्नायू साखर ओढत राहतात, रात्री झोपेतही. म्हणून इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर पहाटे उतरू शकते. डोस किती कमी करायचा हे निघण्याआधी, घरच्या लांब चालण्यांवर शुगर मोजून, तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा. नुसत्या मेटफॉर्मिनवर ही भीती फारशी नसते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांनी लघवीवाटे साखर आणि पाणी जातं; उपाशी, उलट्या होत असताना किंवा पाणी कमी पडलं असताना त्या धोकादायक ठरू शकतात. इन्शुलिन गोठलं की फेकून द्यायचं, परत वितळवून वापरायचं नाही. थंड दिवशी ते अंगाजवळ ठेवा.

पाण्याचे नळ आणि हौद गावोगाव आहेत. वर गायी चरतात, तेव्हा ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी गाळून-शुद्ध करूनच. गायींपासून, विशेषतः वासरू बरोबर असेल तर, लांबून जा. मेंढ्यांच्या राखणीला मोठे पांढरे कुत्रे असतात, त्यांना च्‌ च्‌ करून बोलवायला जाऊ नका. काठी खाली, हळू चाला, कळपाला वळसा घाला. गवतातून आल्यावर संध्याकाळी पाय, काखा, जांघा तपासा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, तूप-रॉकेल लावू नका. नंतर महिनाभरात तिथे लाल गोल पसरत गेला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावल्याचं आठवणीने सांगा, आपल्याकडे लाइम रोग डॉक्टरांच्या पटकन मनात येत नाही. आणि ऊन. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली बरीचशी परत तोंडावर फेकतो. सावळी कातडी आहे म्हणून डोळे सुरक्षित नसतात. गॉगल हवाच.

शेवटच्या टप्प्यात त्रे-ल-शाँच्या वर खडकात ठोकलेल्या लोखंडी शिड्या येतात. फार अवघड नाहीत, पण पाऊस किंवा वीज असेल तर लोखंडाला हात लावायचा नाही, आणि चक्कर येणाऱ्यांनी कोल दे माँतेकडून जाणारी दुसरी वाट घ्यायची. वहिनींनी ती घेतली. दादा शिड्या चढला, वर येऊन त्याने मला बँकेतली एक नवी गोष्ट सांगितली, न थांबता.

सर्वांत शेवटी ब्रेवाँवरून ले झूशपर्यंतचा उतार, सुमारे दीड हजार मीटर, एका दमात. "एवढं केलंय तर हेही करतो," दादा म्हणाला. मी त्याला दोन पायऱ्या उतरून दाखवायला सांगितलं. तो कठड्याला धरून उतरला. "हृदयाला काय झालंय माझ्या?" "हृदयाला काही नाही झालेलं दादा, ते अजून दहा दिवस चालेल. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय." तो आणि वहिनी केबल कारने शामोनीत उतरले आणि बसने पुढे गेले. आम्ही दोघं पाच तासांनी पोचलो तेव्हा आमच्यासाठी खुर्च्या धरून बसले होते.

तुम्ही निघणार असाल तर माझ्याकडे, किंवा तुमच्या डॉक्टरांकडे, निदान सहा महिने आधी या. व्हिसा लागल्यावर आठवडाभर आधी नको. औषधांची मूळ नावं असलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या, गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा. तिन्ही देशांत आपत्तीचा नंबर ११२. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा बॅटरीने मिनिटात सहा इशारे, मग मिनिटभर थांबा, मग पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटात तीन इशाऱ्यांनी उत्तर देतो. शेंगेन व्हिसासाठी विमा लागतोच, किमान ३०,००० युरोचा, पण त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणायचा खर्च आहे का आणि आधीपासून असलेला आजार धरलाय का, हे एजंटला तोंडी न विचारता पॉलिसीत वाचून घ्या. दादाच्या पहिल्या पॉलिसीत दोन्ही नव्हतं. दुसरी घेतली.

यंदा त्याची स्ट्रेस टेस्ट पुन्हा झाली, चांगली आली. सध्या घरात कोल द ला सेन्यचं नाव निघतंय. वहिनींनी काढलंय.